जत्रा मोडली, गाणं उरलं

श्रोतेहो, जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं राहुट्या, पाळणे, रेवड्यांची दुकानं आणि बैलबाजार उभा राहतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्कारबरो नावाचं गाव आहे, तिथंही अशीच एक मोठी जत्रा भरत असे. तिसरा हेन्री या राजानं १२५३ साली तिला सनद दिली होती. १५ ऑगस्टला सुरू झालेली ही जत्रा तब्बल पंचेचाळीस दिवस चाले आणि दूरदूरचे व्यापारी तिथं माल घेऊन येत. पुढं व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि १७८८ साली ती कायमची बंद पडली. जत्रा मोडली, पण तिचं नाव एका गाण्यात उरलं. त्या गाण्याची हकीकत आज सांगायची आहे.

गाण्याचा विषय मोठा गमतीचा. जत्रेला निघालेल्या वाटसरूजवळ एक जण आपल्या जुन्या प्रेयसीला निरोप धाडतो. ती आपली व्हावी म्हणून तो तिला अशक्य कामं सांगतो. शिवण न घालता सदरा शिवायचा आणि तो कोरड्या विहिरीत धुवायचा! काही पाठांत तीही कच्ची नसते; उलट तितकीच अवघड कामं ती त्याला सांगते. आपल्याकडं कोड्याला कोडं घालून उत्तर देतात, त्यातलाच हा प्रकार. याच घाटाचं एक जुनं स्कॉटिश गीत १६७० च्या सुमारास छापलेलं सापडतं. म्हणजे गाण्याचं मूळ किमान साडेतीनशे वर्षांचं झालं.

आता हे गाणं आपल्या काळापर्यंत पोचलं कसं? १९४७ साली उत्तर इंग्लंडमधल्या मिडलटन-इन-टीसडेल या गावी मार्क अँडरसन नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. शिशाच्या खाणीत जन्म काढलेला माणूस. गायक युअन मॅकॉल यांनी त्यांच्या तोंडून हे गाणं ऐकलं आणि टिपून घेतलं. पुढं मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी ते पुस्तकात छापलं. त्यावरून मार्टिन कार्थी या तरुण गायकानं ते उचललं, गिटारवर स्वतःच्या ढंगानं बसवलं आणि १९६५ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली.

त्याच सुमारास पॉल सायमन हा अमेरिकन गायक लंडनमध्ये होता. कार्थीकडून तो हे गाणं शिकला. मायदेशी परतल्यावर त्यानं आणि त्याचा जोडीदार आर्ट गारफंकल यानं ते १९६६ साली मुद्रित केलं. जुन्या चालीच्या आडून युद्धाविरुद्धचं एक नवं गीत त्यांनी सोबत गुंफलं. लोकगीताच्या अंगावर नव्या वाद्यमेळाचा पोशाख चढवायचा, या रीतीला तिकडं 'फोक रॉक' म्हणत. 'द ग्रॅज्युएट' या १९६७ च्या चित्रपटात ते वाजलं आणि १९६८ साली घरोघरी पोचलं.

पण तबकडीवर नावं होती फक्त सायमन आणि गारफंकल यांची. कार्थीचं नाव नाही, खाणकामगार अँडरसनचं तर नाहीच. कार्थीच्या मनात ही सल कैक वर्षं राहिली. अखेर २००० साली लंडनच्या एका कार्यक्रमात सायमननं कार्थीला रंगमंचावर बोलावलं आणि दोघांनी मिळून तेच गाणं म्हटलं.

मग गाणं कुणाचं? एकट्याचं कुणाचंच नाही, हे खरं. पण 'कुणाचंच नाही' म्हणून वाहून आणणाऱ्याचं नाव पुसायचं, हा काही न्याय नव्हे. अँडरसनचं नाव आज आपल्याला माहीत आहे, याचं कारण एवढंच की ऐकणाऱ्यानं ते लिहून ठेवलं.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं हेच झालं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी त्या रचल्या, पण रचणारणीचं नाव कुठं उरलं नाही. पुढं हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा त्यांसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं गेलं. काम करावं ते असं.

गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. मुलांना सांगा, घरी आजीकडून एक ओवी, एक भोंडल्याचं गाणं उतरवून आणा. आणि वहीत गाण्याच्या खाली आजीचं पूर्ण नाव, तिचं माहेर, आणि ते तिनं कुणाकडून ऐकलं हेही लिहा. जातं थांबलं, तरी नाव थांबायला नको.