आग्रा रोडवरचे मॉल

मुलुंड पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून पाच रस्ता या चौकाच्या दिशेने चालू लागलं की हे गाव कुणीतरी कागदावर आखून वसवलंय, हे पायांनाच कळतं. गल्ल्या सरळ जातात, एकमेकींना काटकोनात छेदतात आणि चुकलेला माणूस दोन वळणांत पुन्हा ओळखीच्या रस्त्याला लागतो. १९२२च्या सुमारास इथले जमीनमालक झवेरभाई रामजी शाह यांनी क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांकडून ही आखणी करून घेतली. मुलुंड तेव्हा मुंबईत नव्हतं. ते बृहन्मुंबईत आलं १९५७मध्ये. म्हणजे शहर पोचायच्या आधीच इथे चालत जाण्याजोगा बाजार तयार होता. मॉलचा इतिहास सांगताना सुरुवात इथून करायला हवी, कारण मुलुंडचे मॉल या आखणीत बसले नाहीत. ते तिच्या बाहेर, आग्रा रोडवर उभे राहिले.

आग्रा रोडचं नाव बदलून लालबहादूर शास्त्री मार्ग झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोडच आहे. स्वातंत्र्यानंतरची तीन-चार दशकं हा कारखान्यांचा रस्ता होता. भांडुपला सिएट आणि एशियन पेंट्स. मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन, रिचर्डसन अँड क्रुडास, हेक्स्ट. हेक्स्टच्या मुलुंडच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात माइनमुळा या आपल्या ओळखीच्या वनस्पतीपासून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. जगभरातल्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये पेशींच्या अभ्यासासाठी ते आजही वापरतात. मुलुंडच्या शाळांतून ही गोष्ट शिकवायला हवी. ज्या रस्त्याला आपण फक्त 'ट्रॅफिक' म्हणून ओळखतो, तिथे एवढं मोठं काम झालं आहे.

नव्वदच्या दशकात हे चित्र पालटलं. मुंबईत कारखाना चालवण्यापेक्षा त्याची जमीन जास्त मोलाची झाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने औद्योगिक जमिनीचा वापर परवानगी घेऊन बदलायची वाट मोकळी ठेवली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ताडदेवला, पिरामल समूहाने औषध कारखान्याच्या जागेवर १९९९मध्ये 'क्रॉसरोड्स' उघडला. मुंबईचा हा पहिला आधुनिक मॉल. गर्दी आवरेना म्हणून सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच थेट आत सोडत, बाकीच्यांना प्रवेशशुल्क. त्यावरून टीका झाली आणि नियम मागे घ्यावा लागला. पण मॉल कुणासाठी, हा प्रश्न त्या दारातच उभा राहिला होता.

मॉल येण्याचं एक कारण जमीन; दुसरं कारण सरकारी होतं. २००१मध्ये महाराष्ट्राने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली. पहिली तीन वर्षं पूर्ण माफी, पुढची दोन वर्षं पाऊण. एकपडदा थिएटरं पूर्ण कर भरत असताना ही सवलत मोठीच होती. सिनेमाचे पडदे आले की माणसं येतात, माणसं आली की दुकानं चालतात, हे गणित बिल्डरांनी अचूक हेरलं. २००३च्या आसपास मुलुंडमध्ये शास्त्री मार्गावर दोन मॉल सुरू झाले. एक निर्मल लाइफस्टाइल आणि दुसरा रुणवाल समूहाचा आर मॉल.

दोघांची घडण वेगळी होती. आर मॉल हा चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित, मधल्या पोकळीभोवती मजले रचलेला. निर्मलच्या इमारतींमध्ये मोकळं प्रांगण होतं. संध्याकाळी लोक दुकानांत कमी आणि त्या प्रांगणात जास्त असत. तिथे शॉपर्स स्टॉप होतं, पीव्हीआरचे पडदे होते. ठाण्याहून, भांडुपहून, ऐरोलीहून माणसं यायची आणि मुलुंडकर पहिल्यांदाच पाहुण्यांना आपल्या उपनगरात काही दाखवायला नेऊ लागले.

सरकत्या जिन्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं तरी तेव्हाचा बदल दिसायचा. एखादी आजी निऱ्या मुठीत धरून पहिल्या पायरीचा अंदाज घेत थांबायची, नात खालून 'पाय टाक, पाय टाक' म्हणायची, मागे रांग खोळंबायची आणि कुणी कुरकुरत नसे. खरेदी बहुतेकांची एखाद्या आइस्क्रीमपुरतीच. मे महिन्यात फुकट थंडावा, स्वच्छ स्वच्छतागृह, रात्री नऊलाही मुलींना निर्धास्त फिरता येईल असा उजेड. उपनगरातल्या मध्यमवर्गाला या तीन गोष्टी तोवर एका जागी कुणी दिल्या नव्हत्या. मॉलवर उधळपट्टीचा शिक्का मारणाऱ्यांनी हे कधी नीट पाहिलं नाही, असं मला वाटतं.

बंदिस्त मॉलच्या जनकालाही खरेदीपलीकडची अशीच जागा हवी होती. व्हिएन्नाहून नाझींमुळे परागंदा झालेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांनी अमेरिकेत मिनेसोटामधल्या इडायना इथे १९५६मध्ये 'साउथडेल' उभारला. संपूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असा तो पहिला मॉल. त्यांच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग असं सगळं होतं. प्रत्यक्षात उभी राहिली दुकानं आणि भोवती गाड्यांचा तळ. म्हातारपणी ग्रुएन यांनी या साऱ्या पिलावळीचं पितृत्व जाहीरपणे नाकारलं.

मुलुंडमध्येही मॉलचं स्वप्न असंच विरलं, फक्त फार लवकर. २००९मध्ये घाटकोपरला रुणवाल यांचाच आर सिटी आणि ठाण्याला कोरम सुरू झाला. २०१३मध्ये ठाण्यात विवियाना. हे कितीतरी मोठे होते. आर सिटीत तर २०१३मध्ये मुलांसाठी किडझानियाही आलं. मुलुंडच्या दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक ओढलं गेलं. निर्मलमधली मोठी नावं एकेक करून निघून गेली. आर मॉलमधले अ‍ॅडलॅब्जचे पडदे रिलायन्सकडे जाऊन बिग सिनेमाज झाले, २०१४मध्ये ती साखळी कार्निव्हलने घेतली. पाट्या बदलत राहिल्या, प्रेक्षक पांगत गेले. २०१८पासून वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या कामाचे पत्रे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि गाडीने येणाऱ्यांवरच अवलंबून असलेल्या दुकानांचे आणखी हाल झाले.

पण मॉल मरतो तो केवळ स्पर्धेने नाही. शेजारच्या भांडुपचा ड्रीम्स मॉल पाहा. एचडीआयएलने बांधलेल्या या मॉलमधले गाळे सुटे सुटे विकले गेले. गाळे विकले की बिल्डरचा पैसा सुटतो; मग कुठल्या मजल्यावर काय असावं, दिवे कुणी लावायचे, अग्निशमन यंत्रणा कुणी जपायची, याला एक धनी राहत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली, मॉल प्रशासकाच्या हाती गेला. २०२१च्या मार्चमध्ये, २५ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथे आग लागली. तिसऱ्या मजल्यावर सनराइज हे कोविड रुग्णालय होतं. किमान दहा रुग्ण गेले. ज्या इमारतीत रुग्णालय असूच नये, तिथे साथीच्या निकडीत खाटा लागल्या होत्या. त्या माणसांची आठवण ठेवल्याशिवाय या रस्त्यावरच्या मॉलचा इतिहास लिहिता येत नाही.

भाड्याने गाळे देणारे, एकाच मालकाच्या व्यवस्थापनाखालचे मॉल टिकले. सुटे विकलेले बहुतेक ओस पडले. हे देशभर दिसतं. नाइट फ्रँकच्या पाहणीत चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले मॉल २०२२मध्ये ५७ होते, २०२३मध्ये ६४ झाले. मोठ्या मॉलना मात्र त्याच काळात भाडेकरू मिळत राहिले.

आणि १९२२ची ती आखणी? दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाच रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. कंदील, रांगोळीचे रंग, उटणं, शिवलेले ब्लाऊज, सुका मेवा, सगळं चालण्याच्या टप्प्यात. इथलाही प्रत्येक गाळा वेगळ्या मालकाचा, तरी बाजार जिवंत आहे. कारण इथे गल्ली महापालिकेची आहे. दिवे, रस्ता, नाली यांना धनी आहे, आणि एक दुकान बंद पडलं म्हणून शेजारच्याचं दार झाकलं जात नाही. मॉलमध्ये गल्लीच खासगी होती. उणीव आहे ती बसायला बाकांची, सावलीची आणि बायकांसाठी धड स्वच्छतागृहांची. मॉलने जे थोडी वर्षं दिलं, नेमकं तेच.

शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जमिनी अजून आहेत. रिचर्डसन अँड क्रुडासच्या आवारात २०२०मध्ये जम्बो कोविड केंद्र उभं राहिलं, तेव्हा एवढी मोठी सलग जागा शहराच्या किती उपयोगी पडते, हे सगळ्यांनी पाहिलं. औद्योगिक जमिनीचा वापर बदलताना तिचा काही हिस्सा सार्वजनिक सोयींसाठी सोडावा लागतो, अशी तरतूद नियमावलीत आहेच. मुलुंडकरांनी तो हिस्सा मागताना नेमकं मागावं. मेट्रोच्या स्थानकाला लागून छत असलेला, महापालिकेच्या मालकीचा चौक, बाक, पिण्याचं पाणी, रात्री उशिरापर्यंत उघडी स्वच्छतागृहं आणि कडेने भाड्याने दिलेले छोटे गाळे. त्या भाड्यातून देखभालीचा खर्च निघावा, आणि आत यायला कुणाला काही विकत घ्यावं लागू नये.