गिलान, भेसज्ज आणि ध्यान : शिबिरार्थी उपासक-उपासिकांसाठी

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील विहारांत ग्रंथवाचन, परित्राणपाठ आणि ध्यानशिबिरे यांना भर येतो. अलीकडे 'योग व आयुर्वेदाद्वारे संपूर्ण आरोग्य' अशी ग्वाही देणाऱ्या निवासी शिबिरांची पत्रकेही आपल्या वस्त्यांतून फिरू लागली आहेत. आमच्या परिचयाच्या एक उपासिका, जन्मभर विड्या वळलेल्या, अशाच एका शिबिराला गेल्या. श्वसन आणि काढा पुरेसा आहे, आजार हा पूर्वकर्माचा हिशेब असून तो साधनेनेच फिटतो, असे त्यांना सांगण्यात आले होते. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी घरीच ठेवल्या. पाचव्या दिवशी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने त्या वाचल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला, "सर, भगवंतांनी खरेच असे सांगितले आहे का?" या प्रश्नाचे उत्तर पालि साहित्याच्या आधारे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम 'योग' हा शब्द पाहू. पालित त्याचे दोन अर्थ प्रमुख आहेत. एक म्हणजे बंधन. काम, भव, दिट्ठि आणि अविज्जा हे चार योग या अर्थाने सांगितले आहेत. दुसरा अर्थ म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. आसनांची मालिका हा अर्थ तेथे नाही. हठयोगाचा प्रसिद्ध ग्रंथ 'हठप्रदीपिका' हा पंधराव्या शतकातील आहे. आसनांनी शरीर लवचिक राहत असेल तर ती अवश्य करावीत. त्यांना बुद्धवचन मात्र समजू नये. श्वासाच्या बाबतीत तर भेद अधिकच स्पष्ट आहे. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात बोधिसत्त्वाने श्वास कोंडून ध्यान केल्याचे वर्णन येते. त्यातून डोक्यात व पोटात तीव्र वेदना झाल्या, अंगाचा दाह झाला, आणि तपश्चर्येचा तो मार्ग त्यांनी सोडून दिला. आनापानसतीत श्वास कोंडावयाचा नसतो, जाणावयाचा असतो. दीर्घ असेल तर दीर्घ, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व.

आता पूर्वकर्माच्या हिशेबाविषयी. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांना विचारतो, की माणसाला होणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वी केलेल्या कर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंत वेदनेची आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूतील बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी सात कारणे तपासता येणारी आहेत. सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टीच्याही पलीकडे धावतात, असे भगवंतांनी स्पष्ट बजावले. तंबाखूची धूळ छातीत घेत वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनींना खोकला झाला, तर त्याचे कारण मागील जन्मात शोधण्याचे प्रयोजन नाही.

वात-पित्त-कफाची ही परिभाषा आयुर्वेदाचीच आहे. म्हणून आयुर्वेद हा केवळ वैदिकांचा वारसा, असे समजून तो झिडकारणे अनाठायी आहे, आणि दैवी समजून डोक्यावर घेणेही तितकेच अनाठायी आहे. या वैद्यकाची अनुभवनिष्ठ बैठक श्रमणांच्या, विशेषतः बौद्ध भिक्खूंच्या वर्तुळात घडली, असे प्रतिपादन केनेथ झिस्क यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. विनयपिटकातील महावग्गात औषधांसाठी भेसज्जक्खन्धक हे स्वतंत्र प्रकरणच आहे. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने भिक्खू कृश झाले. अन्न पोटात ठरेना. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच औषधांची अनुज्ञा दिली. वाताच्या विकारावर शेक व वाफारा यांचीही अनुज्ञा तेथेच आहे.

पथ्याचा विचारही असाच व्यवहारी आहे. यागूने, म्हणजे पातळ पेजेने, भूक-तहान शमते आणि पचन सुधारते, असे विनय सांगतो. चंक्रमणाचे, म्हणजे सावकाश येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ अंगुत्तरनिकायात आहेत. आजार कमी होतात व खाल्लेले नीट पचते, हे त्यांतील दोन. अतिभोजनाने धापा टाकणारा कोसलराज पसेनदी भगवंतांच्या उपदेशावरून आहार हळूहळू कमी करीत गेला आणि त्याचे शरीर हलके झाले. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या उपासिकेला किंवा यंत्रमागापाशी उभ्या असणाऱ्या कामगाराला ज्वारीच्या कण्यांची पेज आणि संध्याकाळचे चंक्रमण यांसाठी कोणतेही महागडे शिबिर लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल. गिरिमानन्द सुत्तात आजारी स्थविर दहा संज्ञा ऐकून बरे झाले ना? होय, झाले, आनापानसती ही त्यांतील दहावी संज्ञा. परंतु त्याच सुत्तात शरीराच्या रोगांची लांबलचक यादी आहे, तीत 'मधुमेहो' हा शब्द जसाच्या तसा येतो, आणि यादीच्या शेवटी रोगाची तीच आठ कारणे पुन्हा सांगितली आहेत. धम्मश्रवणाने मनाला उभारी येते व शरीराला तिची साथ मिळते, हे खरे. पण औषध टाकून द्या, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. उलट, विनयात चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत : तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपला आजार खरा सांगतो आणि वेदना सोसतो. औषध घेणे हा येथे गुण आहे, श्रद्धेतील उणीव नव्हे.

अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने रुग्णाची सेवा करावी. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रुग्णांविषयीची ही आस्था आवर्जून नोंदविली आहे. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने पीडित होते. डॉक्टरी उपचार घेत घेतच त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला, हे आपण विसरू नये.

तेव्हा विहारांच्या संयोजकांना आमची विनंती आहे. शिबिरात प्रवेश देताना प्रत्येकाचा आजार व चालू औषधे विचारून घ्यावीत आणि ती औषधे सोबत आणण्यास सांगावे. मधुमेही व्यक्तीस उपाशी ठेवू नये. काढा द्यावयाचा तर वैद्याला चालू औषधांची कल्पना देऊनच द्यावा. एक उपासक रुग्णसेवक म्हणून नेमावा आणि गरज पडताच रुग्णाला सिव्हिलमध्ये नेण्याची व्यवस्था ठेवावी.

त्या उपासिका आता पहाटे आनापानसती करतात, आणि न्याहारीच्या वेळी गोळी घेतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन शब्दांत दिले होते : नाही, ताई.