घरबसल्या समुपदेशनाचें शिक्षण

दुःखितास धीर देण्याचें काम फार जुनें आहे. तें पद्धतशीर शिकविण्याची रीत मात्र गेल्या शंभर वर्षांतली. आजाऱ्याची विचारपूस करणें, पतिपत्नींचा बेबनाव मिटविणें, शोकाकुल कुटुंबाजवळ बसणें हें ख्रिस्ती मंडळींत पाळकाचें कर्तव्यच मानलें गेलें आहे. तथापि सद्भावना असली म्हणजे कौशल्य येतेंच असें नाहीं. ईयोबाच्या मित्रांची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. सात दिवस ते त्याच्याजवळ निमूटपणें बसले, तोंवर त्यांची सोबत खरी होती. पुढें ते त्याच्या दुःखाचीं कारणें सांगूं लागले आणि तें दुःख दुणावलें.

ऐकण्याची कला शिकवावी लागते हें ओळखून अँटन बॉयझन या अमेरिकन पाळकानें १९२५ सालीं वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयांत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासांत ठेवलें. बॉयझन स्वतः पूर्वीं मनोरुग्ण म्हणून रुग्णालयांत राहिला होता. ग्रंथ वाचावा तितक्याच एकाग्रतेनें जिवंत माणूस वाचावा, असा त्याचा आग्रह असे. पुढें १९४२ सालीं कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानें आपल्या ग्रंथांत सल्ल्यापेक्षां समजून घेण्यास अधिक महत्त्व दिलें. पवित्र शास्त्राचा आधार आणि मानसशास्त्राची पद्धत यांचा मेळ म्हणजे ख्रिस्ती समुपदेशन होय.

आतां वारजे येथील एखाद्या नोकरदार स्त्रीस हें शिकावयाचें आहे असें समजूं. मुंबई-बंगळूर महामार्गालगतचें हें एके काळचें गांव आज पुणें शहरांत सामावलें आहे, आणि पुण्यांत धर्मशिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ सालीं यवतमाळ येथें निघाली व १९८३ सालीं बिबवेवाडीस आली. ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ सालीं कँडीहून पुण्यास आलें. परंतु दिवसा कचेरी आणि संध्याकाळीं संसार सांभाळणाऱ्या स्त्रीस वसतिगृहांत राहून शिकणें कसें जमावें? रात्रीं नऊनंतर घरच्या संगणकावर पाठ ऐकण्याची सोय तिला म्हणूनच मोलाची वाटते.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. शेती व संसार सोडून येऊं न शकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे शिक्षणच न्यावें, असें ग्वाटेमालांतील प्रेस्बिटेरियन सेमिनरीनें १९६३ सालीं ठरविलें. भारतांत बंगळूर येथें १९७१ सालीं निघालेली ‘टॅफ्टी’ ही संस्था त्याच पद्धतीची. घरीं स्वाध्याय, नित्याच्या सेवेंतला अनुभव आणि ठराविक दिवशीं मार्गदर्शकासह चर्चा, हीं तिचीं तीन अंगें होत.

समुपदेशनांत हें तिसरें अंग सर्वांत महत्त्वाचें. शोकाच्या अवस्था, व्यसनाचीं लक्षणें, कुटुंबकलहाचीं कारणें हीं सारीं पडद्यावर शिकतां येतात. पण समोरची विधवा बोलतां बोलतां थांबली, तर तें मौन भरून काढावें कीं तसेंच राहूं द्यावें, हें पाठांतरानें कळत नाहीं. त्यासाठीं विद्यार्थ्यानें प्रत्यक्ष संभाषण करावें, नांवगांव वगळून त्याचें टिपण लिहावें, आणि अनुभवी मार्गदर्शकानें तें वाक्यावाक्यानें तपासावें, अशी रीत आहे. मार्गदर्शकाची भेट संगणकावर झाली तरी चालेल. ती मुळींच न झाली तर शिक्षण अर्धेंच राहतें.

मर्यादांचेंही ज्ञान हवें. गुप्तता हा समुपदेशनाचा पाया खरा. परंतु बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास तो पोलिसांस कळविणें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. आत्मघाताचें बोलणें ऐकूं आलें तर मनोविकारतज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. २०२२ सालीं सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. धर्मशिक्षणसंस्थेच्या प्रशस्तिपत्रानें मंडळींतील सेवेची तयारी होते. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणविण्याचा अधिकार त्यानें मिळत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबविले आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष सराव किती तासांचा आहे? तो कोण तपासणार? आणि प्रशस्तिपत्रास मान्यता कोणाची व कोणत्या कामापुरती? उत्तरें समाधानकारक असल्यास वारज्यांतील घराची एक खोलीही वर्गाचें काम देईल. तशीं नसल्यास, फी कितीही माफक असो, अपुऱ्या शिक्षणाची किंमत पुढें एखाद्या दुःखितास मोजावी लागेल.