फ्रेंच सिम रोमला चालते, झुरिकला?

परदेशात इंटरनेट महाग पडते ते अंतरामुळे, ही समजूत युरोपने खोटी ठरवली. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा अधिभार रद्द झाला. पुढे त्या नियमाला २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. मनोरे तेच राहिले. खाली आली ती कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या घाऊक दराची कमाल मर्यादा : २०२२ मध्ये जीबीला २ युरो, २०२७ साठी १ युरो. म्हणून पॅरिसला घेतलेले सिम रोममध्येही घरच्याच दराने चालते. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन संघात नसूनही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड नाही, आणि आपल्याकडच्या युरोप सहलींत नेमके तेच हटकून असते! त्यामुळे योजनेत तो देश वेगळा धरला आहे का, हे सिम घेतानाच पाहावे. सरहद्दीजवळ फोन आपणहून स्विस नेटवर्क पकडू शकतो.

युरोपीय सिम घेण्यावर आक्षेप असा, की मग बँकेचा ओटीपी कसा यायचा? फोन दोन सिमचा असेल, तर भारतीय सिम काढायची गरजच नाही. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि सेटिंगमध्ये त्याचा रोमिंग डेटा तेवढा बंद ठेवावा. एसएमएसला डेटा लागत नाही. दोन दिवसांच्या कामासाठी भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा, हे मान्य. आणि युरोपीय सिमही सर्वत्र सारखे उदार नसते : पॅकवर १०० जीबी छापलेले असले, तरी सिमच्या मायदेशाबाहेर त्यातला ठरावीक भागच वापरता येतो, आणि तो आकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो.