हजार-दीड हजाराचा रोबोट आणि वाघ ओळखणारं एआय

चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या जंगलाला लागून सीतारामपेठ नावाचं गाव आहे. तिथे २०२३ मध्ये एआय कॅमेरे लागले. वाघ कॅमेऱ्यासमोर आला की सिस्टीम त्याला ओळखते आणि अलर्ट देते. चंद्रपूर-गडचिरोलीत लोक पहाटे मोहफुलं वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. इथल्या मुलांना एआय शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही. आणि त्याची छोटी आवृत्ती वर्गातच बनवता येते.

आधी एक गैरसमज दूर करू

काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट म्हणजे एआय नाही. 'पट्टी डावीकडे गेली तर डावीकडे वळ' हा नियम माणसानेच लिहिलेला असतो. एआयमध्ये आपण नियम लिहीत नाही, उदाहरणं दाखवतो. फरक कशात आहे, ते मशीन स्वतः शोधतं.

सामान काय लागेल?

• पुठ्ठा किंवा बांबूच्या कामट्या, बाटलीची झाकणं
• दोन बीओ मोटर, मोटर ड्रायव्हर, बॅटरी
• ईएसपी-३२ बोर्ड (ब्लूटूथ यातच असतं)
• कॅमेऱ्यासाठी घरातला जुना अँड्रॉइड फोन

फोन सोडला तर खर्च साधारण हजार-दीड हजार रुपये.

शिकवायचं कसं?

१. शाळेतल्या कॉम्प्युटरवर गुगलचं 'टीचेबल मशीन' उघडा. ते फुकट आहे.
२. तीन गट करा: वाघ, गाय, कोणीच नाही. खेळणी किंवा चित्रं वेबकॅमसमोर धरून प्रत्येकाचे शंभरेक फोटो घ्या.
३. 'ट्रेन' दाबा. तयार झालेलं मॉडेल एका साध्या वेबपेजमध्ये टाकून फोनवर चालवा.
४. 'वाघ' असं उत्तर आलं की फोन ब्लूटूथने बोर्डला सांगेल आणि रोबोट मागे सरकेल.

खरा धडा इथून पुढे

आता खोलीतला लाइट बंद करा. उजेडातल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल अंधारात गडबडू शकतं. मग मुलांना विचारा: पहाटे वाघ ओळखायचा तर फोटो कधीचे हवेत?

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. मॉडेल 'वाघ ७० टक्के' असं सांगतं. अलर्ट ६० वर ठेवला तर गाय दिसली तरी भोंगा वाजेल, आणि रोज खोटा वाजला तर लोक लक्ष देणं सोडतील. ९५ वर ठेवला तर खरा वाघ सुटू शकतो. आकडा किती ठेवायचा, हे मशीन ठरवत नाही. मला वाटतं, तो ठरवताना मोहफुलं वेचायला जाणारी माणसं चर्चेत हवीत. वर्गात हा वाद मुलांना घालू द्या. मशीन चुकलं तर किंमत कोण मोजतं, हे ज्याला कळलं त्याला एआय कळलं.