शोधयंत्रातील प्रलेखरचना व पृच्छा

संगणकात साठविलेल्या प्रलेखांतून इष्ट प्रलेख शोधून देणाऱ्या प्रणालीस शोधयंत्र म्हणतात. त्याच्या माहितीसंचयात प्रत्येक प्रलेखाची स्थळ, काळ, मजकूर इ. क्षेत्रांत विभागणी करण्यात येते. उदा., ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवमंदिराविषयीच्या प्रलेखात स्थळक्षेत्रात ‘अंबरनाथ’ व काळक्षेत्रात तेथील शिलालेखाचे शके ९८२ (इ. स. १०६०) हे वर्ष येते. नंतर प्रत्येक शब्दापुढे तो ज्या प्रलेखांत आढळतो त्यांचे क्रमांक नोंदवून व्यस्त निर्देशसूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखीच ही रचना असल्याने प्रत्येक शोधाच्या वेळी सर्व प्रलेख वाचावे लागत नाहीत. ‘अंबरनाथ आणि मंदिर’ अशी पृच्छा केल्यास दोन्ही शब्दांपुढील समाईक क्रमांक निवडले जातात. ‘किंवा’ योजल्यास दोन्ही याद्या एकत्र होतात.

मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे अडचण येते. ‘बदलापूर’चे ‘बदलापुरात’ होताना ऊकार ऱ्हस्व होतो. त्यामुळे केवळ प्रत्यय गाळून भागत नाही, मूळ रूपही पूर्ववत करावे लागते. पृच्छेवरही हाच संस्कार आवश्यक असतो. नामांतराचा प्रश्न याहून बिकट आहे. फाळणीनंतर (१९४७) कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, तिला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कल्याण कॅम्प’ व ‘उल्हासनगर’ ही नावे पर्यायसूचीत परस्परांशी जोडली नसल्यास वसाहतीच्या आरंभकाळातील कागदपत्रे संचयात असूनही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाहीत.