कंपवातातील वेदना आणि सुईचा उपचार

आमच्या घरी गेली सात वर्षे पार्किन्सनचा आजार वस्तीस आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरातील सारे अण्णा म्हणतात, ते ह्या आजाराचे रुग्ण. उजव्या हाताचा कंप, मंदावलेली चाल, दिवसेंदिवस बारीक होत गेलेले अक्षर ही लक्षणे घरातील लहानथोरांच्या परिचयाची झाली होती. दांडिया बाजारातून भेटीस येणारे आप्तही “हाताचा कंप कसा आहे?” एवढेच पुसत. परंतु रात्री दोन वाजता अण्णा उठून बसतात आणि खांदा दाबीत पहाटेची वाट पाहतात, हे वहिनींवाचून कोणास ठाऊक नव्हते. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, “भावोजी, हात हलतो तो साऱ्यांना दिसतो. खांदा दुखतो तो कुणाला दिसायचा?” सात वर्षांत आम्ही अण्णांना “काही दुखते का?” असे एकदाही विचारले नव्हते. त्या चुकीतूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

डॉ. जेम्स पार्किन्सन ह्या लंडनच्या वैद्याने १८१७ साली ह्या आजारावर पहिला व्यवस्थित निबंध लिहिला. त्यात हातांतील संधिवातासारख्या दुखण्याचा उल्लेख आहे. आपल्या आयुर्वेदासही कंपवात अपरिचित नाही. मेंदूच्या एका विशिष्ट भागातील पेशी क्षीण होत जातात, त्यामुळे डोपामिन नावाचे द्रव्य अपुरे पडते आणि हालचालींवरील ताबा सुटतो, असे आजचे शास्त्र सांगते. लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन त्याचे डोपामिन बनते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ह्या रुग्णांचा तोच मुख्य आधार आहे. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते, ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल.

परंतु आजाराचे नाव कंपावरून पडले, म्हणून तो कंपापुरताच आहे असा समज होऊन बसला. वस्तुतः निम्म्याहून अधिक रुग्णांस कोणती ना कोणती वेदना असते. स्नायू ताठरल्यामुळे खांदा, मान व कंबर दुखते. कित्येकांना तर कंप सुरू होण्यापूर्वी खांदा आखडतो आणि त्यावर भलतेच उपचार होत राहतात. पाऊल किंवा बोटे आपोआप आत वळून पेटका येतो, त्याचे दुखणे निराळे. मणक्यातील नस दबून पायात कळ उतरते ती आणखी निराळी. शिवाय मेंदूतील वेदनेची जाणीवच बदलल्यामुळे होणारी आग असते. तिचे स्थान रुग्णास नेमके दाखविताही येत नाही. एकाच “दुखते” ह्या शब्दाखाली इतके प्रकार दडलेले असतात.

अण्णांचे दुखणे कळल्यावर एका स्नेह्याने सुईच्या उपचाराचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, सल्ला दिला. ह्या विद्येशी आपल्या मराठी माणसाचे नाव जोडले गेले आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. व्ही. शांताराम ह्यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणिसांचे नाव घरोघरी गेले. ते शल्यचिकित्सक होते. जखमी सैनिकांची सेवा करताकरताच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्ये त्यांचा अंत झाला. सुईची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी बसू ह्यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, तेथे ती शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. पुढे लुधियाना येथे कोटणिसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालयही उभे राहिले.

अण्णांना घेऊन आम्ही एका उपचारकांकडे गेलो. केसासारख्या बारीक आठ-दहा सुया खांदा, मान, पोटरी आणि हाताचा अंगठा व तर्जनी ह्यांमधील मांसल जागेत टोचून त्यांनी त्या पंचवीस मिनिटे तशाच ठेविल्या. इंजेक्शनसारखी कळ आली नाही. जड, बोथट असे काही जाणवले, असे अण्णा म्हणाले. चौथ्या खेपेनंतर खांदा किंचित हलका झाला. आम्हांस आनंद झाला. तोच उपचारक म्हणाले, “आता गोळ्या अर्ध्यावर आणा. सुईने मूळच जाईल.”

हा सल्ला आम्ही मानला. एम. ए. झालो, शाळा चालविली, शेकडो मुलांना “विचार करून उत्तर लिहा” असे बजावले, आणि स्वतःच्या घरात मात्र विचार केला नाही. चौथ्या दिवशी अण्णांना कुशीवर वळता येईना. पाचव्या दिवशी घास गिळताना ठसका लागू लागला. आम्ही घाबरून मेंदुविकारतज्ज्ञांकडे धाव घेतली. त्यांनी गोळ्या पूर्ववत केल्या आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की, हे औषध एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप व ताठरपणा येऊन रुग्णाच्या जिवावरही बेतू शकते. आमच्या हातून केवढा अनर्थ घडता घडता टळला हे ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. अण्णा मात्र म्हणाले, “अरे, तू माझ्यासाठीच केलेस ना?” ते वाक्य आम्हांस अधिक लागले.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट विचारली: कोठे दुखते, किती वाजता दुखते, आणि त्यापूर्वी गोळी केव्हा घेतली? आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा शाळेतील हजेरीपटासारखी एक वही आम्ही आखली. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, दुखण्याची जागा आणि शून्य ते दहापैकी त्याची तीव्रता असे रकाने पाडले. वहिनींनी तीन आठवडे ती वही निष्ठेने भरली.

वही पाहताच दोन निराळी दुखणी उघड झाली. पावलाचा पेटका नेमका पहाटे येई, कारण रात्रीच्या गोळीचा अंमल तोवर संपलेला असे. सकाळच्या गोळीचा गुण उशिरा येई, कारण ती दुधाबरोबर दिली जाई. आणि दुधातील प्रथिने कित्येकदा ह्या औषधाच्या शोषणाच्या आड येतात. डॉक्टरांनी निजतेवेळी दीर्घकाळ टिकणारी मात्रा दिली, सकाळची गोळी जेवणखाणाच्या आधी पाण्याबरोबर घ्यावयास सांगितली, आणि पेटका पुष्कळ कमी झाला. खांदा मात्र गोळीच्या वेळेशी जुळत नव्हता. तो ताठरपणाने आखडला होता. त्यासाठी व्यायाम सांगितला आणि सुईचा उपचार पुढे चालविण्यास डॉक्टरांनी संमतीही दिली. अट एकच, की गोळ्यांस कोणी हात लावावयाचा नाही.

मग दुसऱ्या, ह्या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या उपचारकांकडे आठवड्यातून दोनदा, असे सहा आठवडे गेलो. वहीत खांद्यापुढचा आकडा सातावरून चारावर आला आणि अण्णा सलग पाच तास झोपू लागले. हाताच्या कंपात काडीचाही फरक पडला नाही. हा गुण सुईचा किती, व्यायामाचा किती आणि रोज कोणीतरी आस्थेने विचारपूस करू लागले त्याचा किती, हे वेगळे काढता येईल असे आम्हांस वाटत नाही.

शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न आहे. सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिने, निर्माण करते, असे १९७६-७७ च्या प्रयोगांत आढळले. त्या द्रव्यांस अडविणारे औषध दिले असता सुईचा गुणही ओसरला. परंतु पार्किन्सनच्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २००१ साली कॅनडातील संशोधकांनी दाखविले की, औषधाच्या नावाने निष्क्रिय पदार्थ दिला तरी केवळ गुणाच्या अपेक्षेने ह्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. २०१६ साली अमेरिकेत ९४ रुग्णांवर, वेदनेसाठी नव्हे तर थकव्यासाठी, सुईचा उपचार तपासला गेला. खरी सुई आणि नुसताच सुईचा आभास, दोहोंनी थकवा सारखाच कमी झाला. वेदनेवरील चाचण्या अद्याप लहान आहेत आणि त्यांवरून ठाम निर्णय देता येत नाही. सुई आजाराचे मूळ उपटते असे मात्र कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही.

म्हणून ज्या घरी असा रुग्ण आहे त्या वाचकांस आमचे चार शब्द. प्रथम दुखण्याची वही ठेवा आणि ती घेऊन मेंदुविकारतज्ज्ञांकडे जा. पुष्कळदा औषधाची वेळ बदलल्यानेच काम होते. सुईचा उपचार करावयाचा असल्यास त्यांना सांगूनच करा. केंद्र सरकारने २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली असून महाराष्ट्रात त्यासाठी कायदाही झाला आहे. तेव्हा उपचारकाचे शिक्षण विचारण्यात संकोच नसावा. सुया नव्या, निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या असाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, अथवा छातीत वा मेंदूत विद्युत्-यंत्र बसविले असल्यास, ते आधी सांगावे. विजेचा प्रवाह जोडलेल्या सुया अशा रुग्णांस धोक्याच्या ठरू शकतात. छातीवर खोल सुई गेल्यास फुप्फुसास इजा झाल्याची उदाहरणेही आहेत. सहा आठवड्यांत वहीतील आकडा हलला नाही, तर पैसा व श्रम वाचवावेत. आणि गोळ्या बंद करावयास सांगणाऱ्याच्या दाराशी दुसऱ्यांदा जाऊ नये.

अण्णांची वही अजून चालू आहे. रोज सायंकाळी शाळेतून परतल्यावर आम्ही त्यांच्या खाटेशी बसतो आणि आधी खांद्याची चौकशी करतो. परवा ते हसून म्हणाले, “हेडमास्तर, आजची हजेरी घ्या. खांदा तीन, पाऊल शून्य.” आम्ही ते आकडे वहीत मांडले.